असिस्टंट चीफ व्हायचंय? कार्टेलच्या फौजदारी खटल्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी वकिलासाठी

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आमच्या सेक्शनमध्ये असिस्टंट चीफची जागा निघालीये. सहा वर्षं झाली मला ट्रायल ॲटर्नी म्हणून. भरू का अर्ज?"

"भर की. पण आधी एक सांग. स्वतःच्याच केसबद्दल 'ही कोर्टात टिकणार नाही' असं तू शेवटचं कधी म्हणालीस?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग आम्ही दीड तास बोललो. अमेरिकेत वकिली शिकणारी, करणारी मराठी मुलं आता बरीच आहेत आणि ही नोकरी नेमकी काय असते हे मराठीत कुणी सांगत नाही, म्हणून तेच बोलणं इथं सविस्तर लिहितेय. मी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या अँटिट्रस्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे बाजारातली स्पर्धा राखणाऱ्या विभागात, अकरा वर्षं खटले चालवले आणि आठ वर्षं असिस्टंट चीफ होते. आता निवृत्त आहे. ग्रँड ज्युरीपुढं, म्हणजे आरोपपत्र द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढं, जे होतं ते गुप्त असतं आणि निवृत्तीनंतरही गुप्तच राहतं. म्हणून माझ्या केसेसमधल्या कुठल्याच कंपनीचं किंवा माणसाचं नाव यात नाही. जी नावं येतील ती उघड कोर्टातली, सर्वांना ठाऊक असलेली.

आधी कामाची ओळख. १८९० च्या शर्मन कायद्याच्या पहिल्या कलमाखाली स्पर्धकांनी आपसांत भाव बांधणं, निविदा ठरवून भरणं किंवा गिऱ्हाइकं वाटून घेणं, म्हणजेच कार्टेल करणं, हा अमेरिकेत तुरुंगात पाठवणारा गुन्हा आहे. माणसाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड, कंपनीला १० कोटी डॉलरपर्यंत दंड. नफ्याच्या किंवा नुकसानीच्या दुपटीचा हिशेब लावला तर दंड त्याहूनही वर जातो. भारतात २००२ चा स्पर्धा कायदा आहे, स्पर्धा आयोग मोठे दंडही करतो, पण कार्टेल केलं म्हणून तिथं कुणाला कैद होत नाही. या फरकामुळं इथलं काम अंगावर येतं. तुमच्या सहीनंतर एखाद्या विक्री व्यवस्थापकाची मुलं पुढची दोन वर्षं बापाला तुरुंगात जाऊन भेटणार असतात.

रचना साधी आहे. सेक्शनचा किंवा कार्यालयाचा एक चीफ, त्याच्या हाताखाली एक किंवा दोन असिस्टंट चीफ, मग ट्रायल ॲटर्नी, पॅरालीगल म्हणजे वकिलांचे मदतनीस आणि सोबतीला एफबीआयचे किंवा एखाद्या खात्याच्या महानिरीक्षकाचे एजंट. चौकशी सुरू करण्याची विनंती, ग्रँड ज्युरीची विनंती, साक्षीदारांशी करार, आरोपपत्राचा मसुदा, शिक्षेची शिफारस, सगळं वर जाण्याआधी असिस्टंट चीफच्या टेबलावरून जातं. आरोपपत्राची शेवटची मंजुरी डिव्हिजनच्या प्रमुखाकडे, म्हणजे असिस्टंट ॲटर्नी जनरलकडे असते. पण वरच्या लोकांकडे वेळ कमी असतो. केसचा कागद न् कागद वाचणारा शेवटचा माणूस बहुतेक वेळा तुम्हीच.

अर्जाचा भाग आधी उरकते, कारण त्यात शिकण्यासारखं थोडंच आहे. जाहिरातीत 'सुपरव्हायझरी' शब्द आणि जीएस-१५ ही पगाराची श्रेणी दिसेल. अमेरिकी नागरिकत्व लागतं, जेडी ही कायद्याची पदवी लागते, कुठल्या तरी राज्याच्या बारचं, म्हणजे वकील संघटनेचं, चालू सदस्यत्व लागतं. लिखाणाचा नमुना मागितला तर गाजलेल्या केसमधला देऊ नका. ज्यात वाईट पुरावा प्रामाणिकपणे मांडून पुढं गेला आहात, तो द्या. मुलाखत घेणारे तेच शोधत असतात. आणि तुम्ही कुणाला तरी घडवलंय हे दाखवता आलं पाहिजे. नवीन वकिलाला पहिला साक्षीदार तुम्ही दिलात, त्याच्या उलटतपासणीची तयारी करून घेतलीत, असं नेमकं एक उदाहरण "मी उत्तम टीम प्लेअर आहे" यासारख्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

आपल्या लोकांची गाडी अडते ती पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मपाशी, म्हणून इथं थोडं थांबते. परदेशातले नातेवाईक, परदेशी खाती, परदेशी मालमत्ता, सगळं त्यात लिहावं लागतं. "माझी भारतात काही मालमत्ता नाही" असं माझ्या हाताखालच्या एका मराठी वकिलानं अगदी मनापासून लिहिलं होतं. आजोबा गेल्यावर चुलत्यांनी सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घेतली, त्यात याचं नाव चढलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. लग्नातल्या एका गप्पेत ते कळलं. त्यानं त्याच आठवड्यात फॉर्म दुरुस्त करून दिला आणि प्रकरण तिथंच मिटलं. घरी फोन करा. सातबारा, आठ-अ, फ्लॅटचा करारनामा, आईबरोबरचं सहकारी बँकेतलं संयुक्त खातं, पोस्टातली बचतपत्रं, सगळं विचारा. परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर खजिना खात्याला त्याचं वेगळं विवरण द्यावं लागतं. तेही तपासा. जमीन असणं यात चूक काहीच नाही. न सांगणं मात्र महागात पडतं.

हितसंबंधांचंही तसंच. जेनेरिक औषधांच्या भावबांधणीच्या चौकशीत पुण्याच्या एमक्युअरच्या मालकीच्या हेरिटेजनं २०१९ मध्ये सरकारशी करार केला. मुंबईच्या ग्लेनमार्कच्या अमेरिकी कंपनीनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये ३ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, आणि त्याच वेळी टेवा कंपनीनं २२.५ कोटी. पुण्या-मुंबईच्या कुठल्या कुटुंबात औषध कंपनीत नोकरी करणारं कुणी नाही? मेव्हणा, चुलतभाऊ, वहिनी कुठं कामाला आहेत ते माहीत असू द्या. अशी कंपनी समोर आली की पहिल्याच दिवशी नैतिकता अधिकाऱ्याला कळवा. बाजूला व्हावं लागलं तर व्हा. ट्रायल ॲटर्नी बाजूला झाला तर एक केस जाते. असिस्टंट चीफनं हे लपवलं तर त्याच्या सहीनं पुढं गेलेल्या प्रत्येक कागदावर प्रश्नचिन्ह लागतं.

हातचा कुठं राहिलाय ते बघायला शिकवा

मी सांगली जिल्ह्यातली. वडील नोंदणीकृत ठेकेदार, रस्त्यांची आणि मोऱ्यांची लहान कामं घ्यायचे. 'रिंग', म्हणजे ठेकेदारांनी आपसांत ठरवून निविदा भरणं, हा शब्द मी सातवीत शिकले. एका सरकारी कचेरीत निविदा उघडल्या आणि वडील सगळ्यांचे आकडे वहीत उतरवून घेऊन आले. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बेरजा तपासायला बसवलं. तीन ठेकेदारांचे दर वेगवेगळे होते, पण तिघांच्याही बेरजेत मुरूम भरावाच्या ओळीपाशी हातचा एक धरायचा राहिला होता. वडील वहीवर बोट ठेवून म्हणाले, "तीन माणसं एकाच ठिकाणी हातचा विसरत नसतात गं." त्यांनी लेखी तक्रार केली. उत्तर आलं नाही, आणि त्या कचेरीतून पुढची दोन वर्षं त्यांना एकही काम मिळालं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पुढं मी इथं जे शोधत आले ते हेच. बरोबर आकडे सगळ्यांचे सारखे येऊ शकतात. सिमेंटचा भाव सगळ्यांना एकच असतो. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. दोन स्पर्धकांच्या एक्सेलमध्ये एकाच खान्यात सूत्राऐवजी हातानं टाकलेला आकडा, पत्त्यात पिन कोडची तीच चूक, फाइलच्या गुणधर्मांत तिसऱ्याच कंपनीच्या माणसाचं नाव. नवीन वकिलाला मी पहिल्या आठवड्यात दहा निविदा द्यायचे आणि सांगायचे, "निष्कर्ष नको, फक्त चुकांची यादी आण." आमच्या टीमला 'हातचा' हा शब्द माहीत झाला होता. टेक्सासची मुलगी सुद्धा फोनवर विचारायची, "वेअर इज द हातचा?"

पण चूक सापडली म्हणजे गुन्हा सापडला, असं नाही. दोघांनी एकाच सल्लागाराकडून तक्ता करून घेतला असेल. हे टीमला सांगणं, आणि सांगूनही तिचा हुरूप टिकवणं, हे तुमचं काम.

मेमो उलटा वाचा

टीम तुमच्याकडे आरोपपत्राची शिफारस घेऊन येते तेव्हा साठ-सत्तर पानांचा मेमो असतो, मागं जोडपत्रांचा गठ्ठा. सुरुवातीचा सारांश चांगल्या वकिलानं लिहिलेला असतो, म्हणून तो आधी वाचू नका. आधी मुख्य साक्षीदाराच्या सगळ्या मुलाखतींचे एजंटनं लिहिलेले अहवाल तारखांच्या क्रमानं वाचा. मग जोडपत्रं. सारांश सगळ्यात शेवटी.

एका शुक्रवारचं सांगते. बहात्तर पानी मेमो होता, टीमनं दोन वर्षं घासून केलेली केस. बाराव्या पानावर वाक्य होतं: साक्षीदाराच्या सांगण्यानुसार हॉटेलातल्या नाश्त्याच्या वेळी तिघांनी दर ठरवला. तळटीप तिसऱ्या मुलाखतीची. मी पहिली मुलाखत काढली. तिथं तोच माणूस म्हणत होता, "आम्ही बाजाराबद्दल बोललो. दराचं काही बोललो का ते आठवत नाही." दुसऱ्या मुलाखतीत "बोललो असू." तिसऱ्यात "ठरवला." आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुलाखतीच्या मधल्या आठवड्यात त्याच्या वकिलाशी आमची शिक्षा कमी करण्याची बोलणी झाली होती.

मेमोत यातलं काही लपवलेलं नव्हतं. जोडपत्रांत सगळं होतं. टीमला ते दिसणंच बंद झालं होतं. दोन वर्षं एका माणसावर विश्वास ठेवला की पहिल्या दिवशीचा त्याचा संकोच आपण विसरून जातो. बचावाचा वकील विसरत नाही. त्याला हे तीनही अहवाल द्यावेच लागतात, तो ते तीन पडद्यांवर शेजारी शेजारी लावतो, आणि ज्युरीतली शाळामास्तरीण मान हलवते.

सोमवारी मी टीमला बोलावलं. टीमचा म्होरक्या चिडला. म्हणाला, "तुला ही केस नकोच आहे." अशा वेळी वाद घालू नका आणि 'वरचे लोक ऐकणार नाहीत' असं म्हणून दुसऱ्याच्या अंगावरही ढकलू नका. नकार तुमचाच असू द्या. मी म्हटलं, "मला केस हवीये. अजून नाही. हा साक्षीदार नसता तर नाश्त्याचं काय काय उरतं, ते आण." चार महिने लागले. हॉटेलचं बिल, एकाच्या डायरीतली नोंद, आणि नाश्त्यानंतर चाळीस मिनिटांनी पाठवलेला एक मेसेज. तिसऱ्या माणसाविरुद्ध काहीच उरलं नाही, त्याला सोडलं. उरलेल्या दोघांनी गुन्हा कबूल केला.

त्याआधी एकदा मी 'अजून नाही' म्हणाले नव्हते. पहिलंच वर्ष होतं, टीम माझ्या मैत्रिणींची होती. तो माणूस निर्दोष सुटला. तो निर्दोष असेलही. पण त्याची अठरा महिन्यांची झोप माझ्या सहीनं गेली, हे मी विसरलेले नाही.

उघड खटल्यांतूनही हेच शिकता येतं, आणि नव्या असिस्टंट चीफनं ते मुळातून वाचावेत. १९९० च्या दशकातलं लायसिन या पशुखाद्यातल्या घटकाचं कार्टेल घ्या. आतला खबऱ्या मार्क व्हिटेकर एफबीआयसाठी बैठका रेकॉर्ड करत होता आणि त्याच काळात स्वतःच्या कंपनीचे लाखो डॉलर हडपत होता. साक्षीदार म्हणून तो संपला. तरी खटला टिकला, कारण टेपांमध्ये माणसं स्वतःच्या तोंडानं बोलत होती. त्याच्या एडीएम कंपनीनं १९९६ मध्ये १० कोटी डॉलर दंड भरला आणि १९९८ मध्ये शिकागोच्या ज्युरीनं तिच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं.

उलट बाजू ब्रॉयलर कोंबडीच्या भावबांधणीच्या खटल्याची. पिलग्रिम्स प्राइड कंपनीनं २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला, दंडही १० कोटी डॉलरच्या वर गेला. माणसांवरचा खटला डेन्व्हरला चालला. दहा आरोपी. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसरीचंही नाही. तिसऱ्यांदा पाच जणांवर चालवायचं ठरलं तेव्हा न्यायाधीशांनी डिव्हिजनच्या प्रमुखांनाच कोर्टात बोलावून कारण विचारलं. जुलै २०२२ मध्ये ते पाचही जण सुटले. कंपनी सही करते म्हणून तिच्या माणसांविरुद्धचा पुरावा आपोआप पक्का होत नाही. कंपनीची गणितं वेगळी असतात.

आणि आरोपपत्राचा मसुदा वाचताना नॉर्थ कॅरोलिनाचा ब्रूबेकर खटला आठवा. राज्याच्या रस्त्यांखालच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं, उत्पादक आणि त्याचाच विक्रेता दोघंही बोली लावणारे. ज्युरीनं दोषी ठरवलं. २०२३ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयानं शर्मन कायद्याखालची शिक्षा उलटवली, कारण आरोपपत्रात वर्णन केलेलं नातं निव्वळ स्पर्धकांचं नव्हतं, त्यात उत्पादक-विक्रेत्याचं उभं नातंही होतं. म्हणून मसुद्यातली प्रत्येक ओळ अशी वाचा, जणू तुमच्याकडे बाकी एकही कागद नाही. अपिलात तेवढीच पानं बघतात.

रोजचं

आरोपपत्र दाखल करायची मुदत पाच वर्षांची. शेवटचं कृत्य किंवा त्या ठरावाखालचं शेवटचं पेमेंट कधी झालं, यावर ती अवलंबून असते. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक केसची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लावलेली असायची. संगणक आठवण करतो, पण दार रोज उघडावंच लागतं. तारीख सहा महिन्यांवर आली की टीमनं मला येऊन सांगायचं, मी विचारायची वाट बघायची नाही.

वकिलानं एकट्यानं साक्षीदाराशी बोलायचं नाही, फोनवरसुद्धा नाही. एजंट सोबत हवा. नाहीतर उद्या साक्षीदार फिरला तर तुमचा वकीलच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि खटला चालवायला उरत नाही. वकील-अशिलातलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून जप्त केलेल्या ईमेलमध्ये कंपनीच्या वकिलाचं नाव दिसलं की वाचणं तिथंच थांबवायचं आणि ती वेगळ्या फिल्टर टीमकडे द्यायची. "फक्त एकच ओळ वाचली" हे मी दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा त्या वकिलाला केसवरून काढावं लागलं.

लिनियन्सीबद्दल थोडं. कार्टेलमधून जो पहिला येऊन सगळं सांगतो त्या कंपनीवर फौजदारी खटला होत नाही. आजच्या रूपातलं हे धोरण १९९३ चं. २०२२ पासून अट आहे की गुन्हा कळल्यावर कंपनीनं विनाविलंब यायला हवं. पहिला आलेला सगळं खरं सांगतो असं धरून चालू नका. तो दुसऱ्यांचं सगळं सांगतो. स्वतःच्या वरिष्ठांबद्दल त्याचा आवाज हळू होतो. टीमला नेमके तिथले प्रश्न लिहून काढायला लावा.

शिक्षेच्या शिफारशीत सगळं 'बाधित व्यापाराच्या' आकड्यावर फिरतं. कंपनीच्या दंडाचा पाया त्या आकड्याच्या २० टक्के धरतात. म्हणून दोन्ही बाजूंचे वकील त्यावरच भांडतात, आणि टीमला मोठा आकडा मोह घालतो. कुठल्या विक्रीवर ठरावाचा परिणाम झाला हे एका पानात समजावता येत नसेल तर आकडा लहान करा. न्यायाधीशानं तुमचा आकडा एकदा खोडला की पुढच्या खटल्यात तो तुमच्या प्रत्येक आकड्याकडे संशयानं बघतो.

बचावाच्या वकिलांना आरोपपत्राआधी तुम्हाला भेटायचं असतं. भेटा, आणि टीमला घेऊन भेटा. त्यांना तासभर बोलू द्या, मध्ये तोडू नका. त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा तुमच्या सगळ्यात तरुण वकिलाकडून लिहून घ्या आणि त्यालाच उत्तर तयार करायला सांगा. खटल्याच्या तयारीचा इतका चांगला धडा दुसरा नाही, शिवाय फुकट.

माणसांचं शेवटी लिहितेय, पण वेळ सगळ्यात जास्त तिथंच जातो. रजा, कामाचं मूल्यमापन, कुणाचं बाळ, कुणाचे आजारी वडील. खटल्याच्या आदल्या महिन्यात कुणी तुटायला आलाय हे त्याच्या ईमेलच्या वेळेवरून कळतं. पहाटे तीनला सलग चार ईमेल आले की मी त्याच्या खोलीत जाऊन बसायचे आणि एक साक्षीदार काढून दुसऱ्याला द्यायचे. त्याला ते आवडायचं नाही. तरी द्यायचे.

निकाल विरुद्ध लागला तर त्या संध्याकाळी टीमबरोबर राहा. चर्चा नको, जेवण पुरे. आठवड्यानं बसा. तिथल्या कोर्टाच्या नियमांत बसत असेल तर ज्युरीशी बोलायची परवानगी मागा आणि ते काय म्हणाले ते शब्दशः लिहून ठेवा. मग त्या वर्षीचं मूल्यमापन लिहिताना प्रत्येकानं केलेलं काम लिहा: कोणता साक्षीदार, कोणती हरकत, कोणता मसुदा. निकालाचा रकाना त्यात आणू नका. आरोपपत्र पुढं जाऊ दिलं ते तुम्ही, हे त्याच कागदावर तुमच्या नावासमोर लिहा.